पुरावा पिऊन टाकल्याबाबत

कुठलीही गोष्ट सुरू करायला एखादा माणूस पुरतो. ती बंद करायला मात्र खातं लागतं. शाळा एकटा मास्तर काढतो, पण ती बंद करायची म्हटली की तीन समित्या आणि एक तपासणीस नेमावा लागतो. तरीही समाजात मान मिळतो तो सुरू करणाऱ्याला. त्याचा फोटो निघतो, त्याच्या गळ्यात हार पडतो. बंद करणारा बिचारा मागच्या दाराने येतो, आपलं काम करतो आणि पावती घेऊन जातो. हा अन्याय थोडा तरी दूर व्हावा म्हणून अकोल्याच्या कूप-समाप्ती उपविभागाची हकीकत इथे नोंदवून ठेवतो आहे.

हा उपविभाग सन १९५९ मध्ये स्थापन झाला. त्याआधी एका परदेशी तज्ज्ञाने वऱ्हाडाच्या काळ्या मातीखाली खनिज तेल असावं असा अंदाज बांधला होता. (हे गृहस्थ मोटारीने पूर्णेच्या खोऱ्यातून जात असताना दर्यापूरजवळ त्यांची मोटार दोन तास बंद पडली. तेलाचा विचार त्यांच्या मनात तिथेच आला असावा.) अंदाज बांधला गेल्यावर कचेरी बांधणं आलंच. अमरावतीकरांनी ती अमरावतीला मागितली आणि अकोलेकरांनी अकोल्याला. सरकारने दोघांचंही मन राखलं: तेलाची विहीर खणण्याची कचेरी अमरावतीला दिली आणि खणलेली विहीर बंद करण्याची अकोल्याला. अकोलेकर याबद्दल मनातून अजून नाराज आहेत. पण आकडे पाहिले तर त्यांना तसं कारण नाही. तीन वर्षांत अमरावतीच्या कचेरीने पाच विहिरी खणल्या. तेल लागलेल्या विहिरी: शून्य. वायू लागलेल्या विहिरी: शून्य. (तिसऱ्या विहिरीवर वास आला होता, पण चौकशीअंती तो छावणीतल्या स्वयंपाकघरातला निघाला.) अकोल्याच्या कचेरीने बंद केलेल्या विहिरी: पाच. म्हणजे यश शंभर टक्के. देशात असं दुसरं सरकारी खातं माझ्या तरी ऐकिवात नाही.

इथे विहीर म्हणजे आपल्या वाड्यामागची, रहाट असलेली विहीर नव्हे. तेलाच्या विहिरीचं तोंड एवढं अरुंद असतं की त्यात नारळ टाकला तर अडकावा. खोली मात्र हजार-दोन हजार फूट. ती उघडी टाकून चालत नाही. एका थरातला वायू दुसऱ्या थरात शिरतो, खालचं खारं पाणी वर येतं, गुरं पडतात, पोरं दगड टाकतात. म्हणून आधी तळाशी सिमेंट, त्यावर जड चिखल, पुन्हा सिमेंट, मग जमिनीखाली चार हातांवर लोखंडी नळी कापून तिच्यावर झाकण, झाकणावर माती आणि मातीवर नंबराचा दगड. हे काम खरोखर गरजेचं आहे आणि ते खरोखर कठीण आहे. या वाक्यात विनोद नाही.

आणि या कामात श्रावणची बरोबरी करणारा मिस्त्री दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. श्रावण खारटाकळीचा, तिथल्या बौद्धवाड्यातला. वय बत्तीस, मॅट्रिक पास. खात्यात घमेली वाहायला लागला होता, तो आपल्या अकलेने बूच-मिस्त्री झाला. नियमाप्रमाणे सिमेंटचा बूच बसला की अठ्ठेचाळीस तास थांबून तो गळतो का ते पाहायचं असतं. श्रावण पान्याने नळीवर एक ठोका मारी, कान लावी, आणि 'पक्का' म्हणे. अठ्ठेचाळीस तासांनी कागदावरही तेच येई. पहिल्या चारही विहिरींवर त्याचा एकही बूच गळला नव्हता. साहेबांनी (साहेब बाहेरच्या प्रांताचे होते) एकदा त्याला विचारलं की तू एवढा जिवाला का लावून घेतोस, सरकारी काम तर आहे. तेव्हा श्रावण म्हणाला, "साहेब, दुसऱ्याचा बूच गळला तं बूच गळला म्हनतात. माया गळला तं 'त्याईचं कामच तसं' म्हनतात."

साहेबांना वऱ्हाडी नीट कळत नसे. त्यांनी शेरा लिहिला: कर्मचारी समाधानी आहे.

आता खारटाकळी. दर्यापूर तालुक्यातलं हे गाव खारपाणपट्ट्यात येतं. वाचकांपैकी जे परतवाड्याकडचे किंवा चांदूर रेल्वेकडचे असतील, त्यांना खारपाणपट्टा म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. ते प्यावं लागतं. जमीन कापसाला उत्तम आणि पाणी कशालाच नाही. तिथे चहा केला की दूध फाटतं. तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारी ती आणि तुम्ही दोघंही तशीच असता. डोंगराकडचे लोक मुलगी द्यायची वेळ आली की मुलगा बघत नाहीत. आधी पेलाभर पाणी मागतात आणि घोट घेऊन पुढच्या गावाला जातात.

गावात बरं म्हणावं असं पाणी एकाच विहिरीला होतं. ती महादेवरावांची. महादेवराव जुने शेतकरी, गावातलं मोठं घर. त्यांची विहीरही खारीच, पण इतरांपेक्षा कमी. आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे: विहीर बंद करण्याची विद्या वऱ्हाडात काही सरकारने आणली नाही. खारटाकळीत ती पिढ्यान् पिढ्या होती आणि तांत्रिकदृष्ट्या फार पुढे गेलेली होती. महादेवरावांची विहीर एकाच वेळी उघडी आणि बंद असे. एका आळीला उघडी, दुसरीला बंद. त्याला सिमेंट नाही, चिखल नाही, मिस्त्री नाही, नंबराचा दगड नाही. नुसत्या नजरेवर बूच बसे. (चाचणी अठ्ठेचाळीस तासांची नव्हे, काही शतकांची; गळती निरंक.) सन पन्नासमध्ये घटनेने आणि पंचावन्नमध्ये कायद्याने हा बूच काढला गेल्याची नोंद कागदोपत्री आहे. कागद खारटाकळीला पोचला होता. तो चावडीत खिळ्याला लावलेला होता.

पूर्वी बौद्धवाड्यातल्या बाया त्या विहिरीपासून लांब उभ्या राहत आणि कोणाला दया आली तर तो त्यांच्या घागरीत वरून पाणी ओती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी उभं राहणं सोडलं. अर्धा कोस चालून पूर्णेच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटी-वाटीने घागर भरायची आणि परत यायचं. पाणी खारंच, पण आपल्या हाताने काढलेलं. यात सगळ्यांत पुढे असे ती सुंदराबाई, म्हणजे श्रावणची थोरली बहीण. ती गावातच दिलेली. तिचे यजमान बुधाजी, वाड्याला लागून त्यांची दोन एकर जमीन.

पाचवी विहीर खणायची ठरली तेव्हा तज्ज्ञांच्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीचा एक ठिपका होता. नकाशाच्या मापाने तो ठिपका अख्ख्या गावाएवढा होता. त्यात महादेवरावांची जमीनही येत होती, पण तिच्यात कापूस उभा होता आणि महादेवरावही. बुधाजींच्या जमिनीत नुसते बुधाजी उभे होते. यंत्र तिथे गेलं. डिसेंबर एकसष्टमध्ये महादेवरावांच्या हस्ते नारळ फुटला आणि मार्च बासष्टमध्ये, तेल कुठेच नसल्याची खात्री पटत असताना, चारशे फुटांखालून पाणी आपण होऊन वर आलं.

नळीच्या तोंडाशी पहिली ओंजळ सुंदराबाईने धरली.

"काय वं," बुधाजींनी विचारलं, "खारंच ना?"

ती पहिली ओंजळ प्यायली. दुसरी ओंजळ प्यायली. तिसरी प्यायली.

"अवं, सांगशीन तं!"

"थांबा जी," ती म्हणाली. "बोलू नोका मध्ये. पिऊ द्या मले."

पाणी गोड होतं. त्या दिवशी संध्याकाळी वाड्यातल्या सातही घरांत तुरीची डाळ एका उकळीत शिजली. शेजारच्या मैनाने अशी शिजलेली डाळ जन्मात पाहिली नव्हती. डाळ नासली असं समजून ती उकिरड्यावर ओतायला निघाली, तेव्हा सुंदराबाईने तिला दारात अडवलं.

खात्यापुढे मात्र पेच होता. विहिरीचा जो अहवाल भरायचा, त्याचा नमुना वऱ्हाड मध्य प्रदेशात असतानाचा होता. (पुढे वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि तिथून महाराष्ट्रात आलं, पण नमुना नागपूरच्या छापखान्यातच राहिला.) त्यात 'निघालेला पदार्थ' या सदराखाली तीनच रकाने होते: तेल, वायू आणि काही नाही. पाणी हे तेल नव्हे; वायूही नव्हे. अभियंत्याने दोन दिवस विचार करून शेवटी तिसऱ्या रकान्यात खूण केली आणि शेजारी, कर्तव्याला जागून, प्रमाणही लिहिलं: काही नाही, ताशी अकराशे गॅलन.

आणि ज्या विहिरीत काही नाही, ती बंद करणं अकोल्याच्या कचेरीवर बंधनकारक होतं.

गावाचं म्हणणं काय होतं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकतर्फीपणाचा आळ येईल. गाव पाण्याविरुद्ध अजिबात नव्हतं. गाव त्या पाण्याच्या दिशेविरुद्ध होतं. पाणी घ्यायचं म्हणजे बौद्धवाड्यातून जायचं, आणि तिथे सुंदराबाईचा नियम होता: जो येईल त्याने घागर रांगेत ठेवावी, नंबर आला की आपल्या हाताने भरावी. ती कोणालाच नाही म्हणत नव्हती. लोकांना नेमकं तेच जड जात होतं. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. पहिले तीन दिवस पांढरीतला, म्हणजे मुख्य गावठाणातला, एकही माणूस फिरकला नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी, पुरुषमाणसं पोट भरून पडलेली असताना, महादेवरावांच्या पत्नी पार्वताबाई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून आल्या.

"सुंदरा, एक घागर दे वं माय. अन् कोनाले सांगू नोको."

"ठेवा तिथं, इंदूबाईच्या मागं," सुंदराबाई म्हणाली. "नंबर आला का भरा आपल्या हातानं."

"आपल्या हातानं?"

"मंग का मी वरून वतू? तुमाले तशी सवय असंन तं वतते बापा. पन मंग लांब उभं राहा लागंन."

रांगेतल्या बाया खदखदून हसल्या. पार्वताबाई आधी रागावल्या, मग पदराआडून त्याही हसल्या. "लय जीभ झाली वं तुले," असं म्हणून त्यांनी इंदूबाईच्या घागरीमागे आपली घागर ठेवली.

त्या दिवशी महादेवरावांच्या घरचा चहा फाटला नाही.

महादेवरावांनी कप वर-खाली करून पाहिला. घोट घेतला. पुन्हा घेतला. "पाह्यलं का," ते म्हणाले, "बोअर मारल्यानं आपल्या विहिरीचे झरे मोकळे झाले. गुन आला विहिरीले."

"हो तं," पार्वताबाई म्हणाल्या.

यानंतर पार्वताबाई रोज दुपारी जात राहिल्या आणि महादेवराव रोज आपल्या विहिरीची तारीफ करत राहिले. परगावच्या पाहुण्यांना ते पेला भरून देत आणि म्हणत, "ओळखा पाहू कोन्या विहिरीचं!" आपली विहीर गोड झाल्याची त्यांची एकदा पक्की खात्री पटल्यावर बुधाजींच्या शेतातलं पाणी गावाला कशाला हवं, हा प्रश्न त्यांना तर्काने पडला. म्हणून एप्रिलमध्ये खात्याची 'विहीर कायमची बंद करण्याबाबत' नोटीस चावडीवर लागली, तेव्हा महादेवरावांनी गावाच्या वतीने अर्ज केला की सर्व काही नियमाप्रमाणे व्हावं. अर्ज लिहिता लिहिता त्यांना तहान लागली आणि त्यांनी पाणी मागितलं. पार्वताबाईंनी दिलं.

नोटिशीत म्हटलं होतं की कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत पुराव्यासह सादर करावी. श्रावण सरकारी नोकर. त्याला आपल्याच खात्याविरुद्ध अर्ज लिहून देता येईना. बुधाजींना लिहिता येत नव्हतं. शेवटी सुंदराबाईने एक कळशी घासून लख्ख केली, नळीवर भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं, आणि छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने अकोला करत ती कचेरीत आली. आवक-जावक गोवर्धनबाबूंकडे होतं.

"बाई, अर्ज कुठं आहे?"

"हा काय." तिने कळशी टेबलावर ठेवली.

"हे तर पाणी आहे."

"मंग मी काय दुसरं म्हनून राहिली? हे पानी हाये, एवढंच मले सांगा लागते. पिऊन पाहा, बाबू."

अर्ज द्रवरूपात स्वीकारता येत नाही, असं गोवर्धनबाबू म्हणणार होते. पण अकोल्याचा पारा त्या दिवशी एकशे बारावर होता आणि कचेरीच्या रांजणात जे होतं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं होतं. त्यांनी पुराव्याची प्राथमिक तपासणी म्हणून एक पेला घेतला. मग दुसरा, खात्री करण्यासाठी. मग वरिष्ठांच्या अवलोकनार्थ एक साहेबांकडे गेला, दोन लेखाशाखेकडे, आणि शिपायाने कळशी उलटी करून उरलेल्या थेंबांचाही अभिप्राय घेतला. आवक क्रमांक खडूने रिकाम्या कळशीवर घालण्यात आला. आठवड्याने सुंदराबाईला पत्र गेलं:

'आपण सादर केलेला पुरावा तपासणीदरम्यान संपुष्टात आला आहे. सबब अधिक पुरावा सादर करावा.'

तिने केला. पुराव्यांची यादी फाईलमध्ये आहे. पुरावा दोन: एक कळशी. पुरावा तीन: एक कळशी, गळ्यापर्यंत. पुरावा चार: दोन कळशा (दुसरी परिशिष्ट). पाचव्या खेपेपासून गोवर्धनबाबू घरून बाटली आणू लागले. तिला ते कार्यालयीन प्रत म्हणत. एक प्रत साहेबांच्या बंगल्यावर माहितीसाठी रवाना होई. मेमध्ये साहेबांच्या पत्नीने निरोप पाठवला की पुढच्या वेळी चौकशी जरा सविस्तर व्हावी, घरी पाहुणे आहेत. तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, पण एवढ्या महत्त्वाच्या पुराव्यावर घाईने निर्णय देणं खात्याला प्रशस्त वाटलं नाही.

सातव्या खेपेला सुंदराबाईने कळशी टेबलावर ठेवली, पण हात वरून काढला नाही.

"निकाल कदी लागंन, बाबू?"

"चौकशी चालू आहे, बाई. पाणी, म्हणजे पुरावा, फार उत्तम आहे. साहेबांचंही तेच मत पडलं."

"उत्तम हाये तं बंद काहून करता?"

"तो वेगळ्या टेबलाचा प्रश्न आहे."

"कोनत्या?"

गोवर्धनबाबूंनी खोलीभर पाहिलं. सगळ्याच टेबलांवर पेले होते. "ते टेबल अजून मंजूर व्हायचं आहे," ते म्हणाले, आणि कळशी हळूच आपल्याकडे ओढली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अकोल्याचा पारा उतरला आणि चौकशीला एकदम वेग आला. निकाल तीन पानांचा होता. त्याचा गाभा असा: हरकत घेणाऱ्या बाईला सदर पाण्याची गरज आहे, ज्याला गरज आहे तो हितसंबंधी, हितसंबंधी माणसाची हरकत निःपक्षपाती नसते, सबब ती अमान्य. मात्र कोणावर अन्याय होऊ नये म्हणून हरकतीसाठी आणखी पंधरा दिवस देण्यात येत आहेत. हरकत घेणारा सुशिक्षित व त्रयस्थ असावा आणि त्याला या पाण्याची मुळीच गरज नसावी. साध्या कार्डावर एक ओळ लिहिली तरी पुरे.

हा निकाल मला मनापासून पटतो. आपल्या घरात नळ आहे, माठात गोड पाणी आहे, हातात वर्तमानपत्र आहे, अशाच माणसाचं मत स्वच्छ असू शकतं. तहानलेला माणूस काय, पाहिजे ते बोलेल.

असे लोक खारटाकळीत नव्हते. ते अमरावतीत होते. म्हणून नोटीस अमरावतीच्या त्या साप्ताहिकात, ज्याचे आपण वर्गणीदार आहात, तिसऱ्या पानावर अर्धं पान भरून छापण्यात आली. तिच्यासाठी जागा करताना त्या अंकातलं शब्दकोडं काढावं लागलं.

पंधरा दिवसांत त्रेचाळीस कार्डं आली. संपादकांनी ती गठ्ठा बांधून अकोल्याला पाठवली. गोवर्धनबाबू हरखले. एवढ्या हरकती खात्याच्या इतिहासात कधी आल्या नव्हत्या. माणूस तसा वाईट नव्हता. 'बाई, काम झालं बहुतेक' असं कार्ड त्यांनी आधी खारटाकळीला टाकलं आणि मग गठ्ठा सोडला. त्रेचाळीसही कार्डांत एकच विचारणा होती: या वेळचं शब्दकोडं कुठे गेलं? एकाने लिहिलं होतं की तिसऱ्या पानावरचं नव्या धर्तीचं कोडं आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवून पाहिलं, पण त्यात चौकोन सापडले नाहीत.

फाईलवर नोंद झाली: टपाल ४३, हरकती निरंक.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली आणि समाप्तीची टोळी खारटाकळीला आली. श्रावणने रजा मागितली होती. साहेब म्हणाले, तू नसलास तर बूच कोण बसवणार? हे कौतुकच होतं.

बुधाजी त्याला बांधावर घेऊन गेले. हा सबंध मामला सुरू झाल्यापासून ते फार बोलले नव्हते.

"श्रावन, जरासा कच्चा राहू दे."

श्रावणने बांधावरचं एक ढेकूळ उचलून मुठीत चुरडलं.

"कोनाले समजते? बोटभर गळू दे. बोटभरात सात घरं पितीन रे."

"अठ्ठेचाळीस तास पाहातेत, भाटवे. बोटभर काय, घामाएवढा गळला तरी दिसते." (बहिणीच्या नवऱ्याला वऱ्हाडात भाटवे म्हणतात.)

"दिसू दे. नोकरी जाईन. दुसरी पाह्यजो."

"नोकरी गेली तं जाईन," श्रावण म्हणाला. पुढचं वाक्य तो बोलला नाही. बुधाजींना ते ठाऊक होतं; सगळ्या वाड्याला ठाऊक होतं.

सिमेंट त्याने स्वतः कालवलं. मजुराच्या हाती घमेलंही दिलं नाही. तळाचा बूच, चिखल, वरचा बूच. नळीच्या तोंडाशी पाण्याची धार आधी बारीक झाली, मग तुटक झाली, मग थांबली. सुंदराबाई सगळा वेळ बांधावर बसून होती, मांडीवर ती कळशी. खडूचा आवक क्रमांक तिने पुसला नव्हता. बूच घट्ट झाल्यावर श्रावणने पान्याने नळीवर ठोका मारला आणि कान लावला. या वेळी तो नेहमीपेक्षा बराच वेळ कान लावून होता.

"पक्का?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"पक्का, बाई." (थोरल्या बहिणीला तो बाई म्हणे.)

"एक थेंब नाई?"

"नाई."

ती उठली. लुगडं झटकलं. "बरं केलं," ती म्हणाली. "कच्चा राह्यला असता तं म्हनले असते, त्याईचं कामच तसं." आणि कळशी कमरेवर घेऊन ती पूर्णेच्या वाटेला लागली.

खात्याच्या नमुन्यात नातेवाइकांच्या अभिप्रायासाठी रकाना नसल्याने हे नोंदवलं गेलेलं नाही. अठ्ठेचाळीस तासांनी गळती निरंक आढळली. श्रावणला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते त्याने बहिणीच्या घरी भिंतीला लावायला दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी महादेवरावांचा चहा फाटला. त्यांनी कप तसाच ठेवला आणि कागद-दौत मागवली: खात्याच्या सिमेंटमुळे माझी गोड विहीर बिघडली, तरी भरपाई मिळावी.

"विहीर नाई बिघडली," पार्वताबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "ते जशी होती तशीच हाये. चार महिने मी सुंदराच्या रांगीत उभी राहून आनून राहिली होती."

महादेवरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग त्यांनी 'बिघडली' खोडलं, 'भरपाई' खोडलं आणि नवा अर्ज लिहिला की बुधाजीच्या शेतातली विहीर कृपा करून उघडावी, गाव रांगेत उभं राहायला तयार आहे. गावाला त्यांनी विचारलं नव्हतं. पण सही त्यांचीच होती आणि त्यात ते स्वतः होते, एवढं धरून चालू. अकोल्याहून उत्तर आलं की ही कचेरी फक्त बंद करते. उघडण्याचा अधिकार अमरावतीच्या कचेरीला आहे. अर्ज अमरावतीला गेला आणि 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत आला. अमरावतीची कचेरी काम संपल्यामुळे गेल्याच महिन्यात बंद झाली होती. ती बंद करण्याचं काम अर्थातच अकोल्याने केलं होतं, आणि तेही उत्तम.

राहता राहिलं शब्दकोडं. वाचकांच्या आग्रहाखातर ते पुढच्याच अंकात दुप्पट आकाराचं छापण्यात आलं. त्यातला उभा शब्द नववा सगळ्यांत सोपा होता: दोन अक्षरी, 'सर्वांचं असतं, म्हणून कोणा एकाचं नसतं'. उत्तरांची तीनशे बारा कार्डं आली. नवव्या शब्दाच्या चौकोनांत सगळ्यांनी एकमुखाने 'पाणी' लिहिलं होतं.

पूर्ण बरोबर उत्तर देणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव सातवं आहे. कार्ड मी पाहिलं. अक्षर सुरेख आहे.